पीटीएसडी: घरातलं माणूस 'तेव्हापासून' बदललं असेल तर काय करायचं

आपल्याकडे कोणाचं काही वाईट झालं की पहिले पंधरा दिवस घर भरलेलं असतं. मामा-मामी, कॉलनीतले, ऑफिसवाले सगळे येऊन जातात, चहाचं भांडं गॅसवरून उतरत नाही, आणि जाताना जो तो एकच सांगून जातो, "झालं ते झालं, आता विसरा ते सगळं." खरा त्रास सुरू होतो तो त्याच्यानंतर. दीड-दोन महिने झालेले असतात, प्लास्टर निघालेलं असतं, माणूस ड्युटीवर जॉइन झालेला असतो, येणारे-जाणारे बंद झालेले असतात, आणि घरच्यांना समजून नाही राहिलं की हा रात्री तीनला उठून गॅलरीत काहून बसतो, कुकरची शिट्टी झाली तर एवढा काहून दचकतो, आणि आधी कधी मोठ्यानं न बोलणारा माणूस आता पोरीवर हात काहून उगारतो.

असं झालं म्हणजे पीटीएसडीच (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे भयंकर घटनेचा मनाला बसलेला धक्का नंतरही न जाणं) आहे असं नाही. पण असू शकतो, आणि असला तर त्यावर चांगले उपचार आहेत, त्यासाठी मुंबई-पुण्याला पळायची गरज नाही, म्हणून हे लिहायला बसले. मोठ्या माणसांबद्दलच लिहिते, लहान पोरांचं वेगळं असतं, ते इथे घेत नाही. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: या आजारात भीतीपेक्षा जास्त नुकसान टाळण्यानं होतं, आणि टाळायला आपण घरचेच मदत करतो, तेही मायेनं.

कशाला म्हणायचं, कशाला नाही

डॉक्टरांच्या हिशोबात कोणतीही घटना चालत नाही. जीव जायची वेळ आली, गंभीर जखम झाली किंवा लैंगिक अत्याचार झाला, आणि हे स्वतःवर आलं किंवा डोळ्यांसमोर दुसऱ्यावर आलेलं पाहिलं, किंवा अगदी जवळचं माणूस अपघातात, हिंसेत गेल्याचं कळलं, तर ते यात बसतं. कामच असं आहे की हे वारंवार पाहावं लागतं, ते लोकं पण यात येतात, म्हणजे पोलिस, फायर ब्रिगेड, १०८ च्या अॅम्ब्युलन्सवरचे. व्हॉट्सअॅपवर फिरणारा व्हिडिओ पाहून झालेला त्रास यात धरत नाहीत. नोकरी गेली, लग्न मोडलं, पोराला नीटची परीक्षा परत द्यावी लागली, याचं दुःख छोटं आहे असं कोणी म्हणत नाही, पण त्याचं निदान वेगळं आणि इलाज वेगळा.

आपल्या नागपूर भागात या यादीला काही कमी नाही. वर्धा रोड, अमरावती रोड आणि आउटर रिंग रोडचे अपघात आहेत, बारूदच्या कारखान्यांतले स्फोट आहेत. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आहे, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी लोकं झोपेत असताना घराघरात शिरलं. २०२१ चा एप्रिल आहे, ऑक्सिजनचा बेड शोधत फिरणं ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. आणि घरातली मारहाण आहे, जी वर्षानुवर्षं चालते आणि जिला आपण 'घटना' धरतच नाही. अशा लांबलेल्या छळातून जे होतं त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, कॉम्प्लेक्स पीटीएसडी म्हणून वेगळं धरलं आहे. त्यात पीटीएसडीचा सगळा त्रास असतोच, वरून माणसाला आपण कवडीमोलाचे आहोत असं वाटत राहतं, राग-रडू आवरत नाही आणि कोणाशी जवळीक टिकत नाही.

"हा तर फौजी लोकांचा आजार" असं पण ऐकायला मिळतं. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या अशाच त्रासाला शेल शॉक म्हणायचे आणि अमेरिकन मनोविकार संघटनेच्या यादीत पीटीएसडी हे नाव १९८० मध्ये आलं, त्यात व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा वाटा होता, तर गैरसमज तिथून आला असणार. कामठीत राहणाऱ्या एखाद्या माजी सैनिकाला तो असेलही, पण त्याच्या शेजारच्या बाईला, जिच्यावर घरात हात उचलला जातो, तिलाही असू शकतो. उलट बायांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा जास्त सापडतो, आणि लैंगिक अत्याचारानंतर व्हायची शक्यता तर अपघातापेक्षा बरीच जास्त.

दिलाशाची गोष्ट पण सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगातल्या साधारण ७० टक्के लोकांच्या आयुष्यात अशी एखादी घटना येते, पण आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झालेले लोकं ३.९ टक्के आहेत. म्हणजे बहुतेक जण आपसूक सावरतात. म्हणूनच पहिल्या महिन्यात घाईनं शिक्का मारत नाहीत. झोप उडणं, तेच ते आठवणं, रडू येणं हे पहिले काही आठवडे कोणालाही होईल, आणि फारच जास्त असेल तर डॉक्टर त्याला अक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात. एक महिना उलटूनही तेच चाललं आहे, आणि घर-काम-नातं यातलं काहीतरी त्याच्यामुळे बिघडून राहिलं आहे, तेव्हा पीटीएसडीचा विचार करायचा. काही जणांचं पूर्ण चित्र सहा महिन्यांनंतर समोर येतं, त्यामुळे "एवढे दिवस तर बरा होता, आता नाटक करतो" हे मनात पण आणू नका.

ओळखायचं कसं

आपल्याकडचा माणूस डॉक्टरकडे जाऊन "मला भीती वाटते" म्हणत नाही. पुरुष तर नाहीच. तो म्हणतो छातीत धडधडते, डोकं भणभणते, हातापायाला मुंग्या येतात, जीव घाबरा होते. माझा एक मावसभाऊ बुटीबोरीला कंपनीत होता, नाइट शिफ्ट करून येताना बाइकला ट्रकनं उडवलं, हा वाचला, मागे बसलेला मित्र जागीच गेला. त्यानंतर कित्येक महिने याचे ईसीजी, इको, थायरॉइड, शुगर सगळं होत राहिलं, सगळं नॉर्मल, आणि प्रत्येक ठिकाणी "टेन्शन घेऊ नका" सांगून अॅसिडिटीची गोळी. अपघाताचं कोणी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही, कारण त्याच्या हिशोबानं अपघाताचा विषय हाड जुळलं तेव्हाच संपला होता.

तर चार गोष्टी बघायच्या. पहिली, ते परत परत येणं. आठवण येणं वेगळं आणि हे वेगळं, हे न बोलावता येतं, स्वप्नात येतं, आणि कधी कधी तर माणूस काही सेकंद खरंच तिथे असल्यासारखा होतो, डिझेलचा वास आला की हात थरथरायला लागतात. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यातल्या कोणाला रात्री पावसाचा जोर वाढला की दारापाशी जाऊन फरशी हातानं चाचपून पाहावीशी वाटत असेल तर ते याच्यातलं आहे.

दुसरी, टाळणं, यावर पुढे बोलतेच. तिसरी, मनाचा रंग उडणं, आणि ही घरच्यांच्या सगळ्यात उशिरा लक्षात येते कारण माणूस शांत दिसतो. पोरीचा वाढदिवस आहे, सगळे टाळ्या वाजवून राहिले, हा पण वाजवतो, पण आतून कोरडा. आपलीच चूक होती, माझ्यामुळेच झालं, जगात कोणावर भरोसा ठेवायचा नाही, असले विचार पक्के होऊन बसतात. घटनेचा महत्त्वाचा भाग आठवतच नाही असंही होतं, त्याला खोटं बोलतो म्हणू नका. चौथी, सतत ताठ असणं. हॉटेलात भिंतीला पाठ करून दाराकडे तोंड करूनच बसणार, मागून हाक मारली तर उडणार, झोप लागणार नाही, लक्ष लागणार नाही, आणि राग, जो समोरच्या गोष्टीच्या मानानं दहापट मोठा असतो. काही जण उलट गाडी बेफाम चालवायला लागतात, ते पण याच्यातच येतं.

डॉक्टर लोकं सुरुवातीला चाळणी म्हणून पाच प्रश्न वापरतात, त्यांचा अर्थ माझ्या शब्दांत सांगते. गेल्या महिन्याभरात त्या घटनेची वाईट स्वप्नं पडली का, किंवा नको असताना ती डोक्यात आली का? ती आठवू नये म्हणून मुद्दाम धडपड केली, जागा-माणसं टाळली का? सतत सावध, पटकन दचकणं असं होतं का? माणसांपासून, कामापासून, आजूबाजूच्या सगळ्यापासून तुटल्यासारखं वाटतं का? घटनेबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबतच नाही असं आहे का? तीन किंवा जास्त 'हो' आले तर दाखवून घ्या. हे निदान नाही, घरी बसून निदान होत नाही. पण दाखवायला जायचं की नाही या वादात घरात चार महिने जातात ते वाचतात.

आणि अपघातात डोक्याला मार लागला असेल तर चिडचिड, विसरणं, झोप बिघडणं हे त्या मारामुळे पण होऊ शकतं, दोन्ही एकत्र पण असतात. डॉक्टरला हे आधी सांगा.

"विसर ना आता"

आता टाळण्याबद्दल. मावसभावानं पहिले वर्धा रोड सोडला, आतल्या रस्त्यानं जायला लागला. मग नाइट शिफ्ट बंद करून घेतली. मग बाइक अंगणात उभी राहिली, तिच्यावर कव्हर आलं, मग विकली. मग वर्धा रोडवरच्या लॉनमध्ये लग्न असलं की याचं पोट दुखायला लागायचं. शेवटी नोकरीच सोडली आणि मावशीनं सगळ्यांना सांगितलं, "त्याले तिकडे पाठवूच नका, जीव घाबरते त्याचा." तिची माया खोटी नव्हती. प्रत्येक वेळी टाळलं की त्याला खरंच बरं वाटायचं, लगेच, तिथल्या तिथे. घोळ तिथेच आहे. टाळल्यावर जे हायसं वाटतं त्यातून मेंदू शिकतो की बघ, टाळलं म्हणून वाचलो, म्हणजे ती जागा खरोखरच जीवघेणी होती. पुढच्या वेळी भीती थोडी आणखी लवकर येते, थोड्या आणखी दूरवरून येते. रस्ता तिथेच राहतो आणि माणसाचं नागपूर लहान लहान होत जातं.

डोक्यातलं टाळणं पण असंच. "तो विषय काढू नको" असा घरात अलिखित नियम होतो, गेलेल्या मित्राचं नाव कोणी घेत नाही, फोटो आलमारीत जातो. आठवण जितकी दाबावी तितकी ती तुकड्यातुकड्यांनी, वासानं, आवाजानं बाहेर येते, कारण तिला एकदा नीट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहून 'हे होऊन गेलं' या खात्यात टाकणं राहूनच गेलेलं असतं.

म्हणून उद्याच त्याला धरून बसवून "बोल, सगळं सांग" करायचं का? नाही, अजिबात नाही. घटना झाल्या झाल्या लोकांना बसवून एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत एके काळी बरीच चालायची, आता ती करू नये असंच सांगतात, फायदा तर दिसला नाहीच, काहींना त्रासच झाला. पहिल्या महिन्यात घरच्यांचं काम साधं आहे: सोबत राहा, जेवण-झोप-आंघोळीची वेळ लावून द्या, क्लेमचे कागद, पोलिस स्टेशन, हॉस्पिटलचं बिल अशी कामं अंगावर घ्या, त्यानं आपणहून सांगितलं तर मधे न बोलता ऐका, नाही सांगितलं तर कुरेदू नका. आणि तो मुद्दाम भीती काढायचा प्रकार, "चल तुले तिथेच नेऊन उभा करतो, एका झटक्यात भीती जाईल", हा पण करू नका. भीतीला सामोरं जाणं हा उपचार आहे, पण तो पायरी-पायरीनं, त्या माणसाच्या संमतीनं, शिकलेल्या माणसाच्या हाताखाली होतो. भाऊजींनी जबरदस्तीनं गाडीवर बसवण्याला उपचार म्हणत नाहीत.

रात्री तीन वाजता

वाईट स्वप्नातून ओरडत उठलेल्या माणसाला हलवू नका, मिठी मारायला जाऊ नका, अर्धवट झोपेत तो तुम्हालाच फेकून देईल आणि सकाळी त्याचीच शरम घेऊन बसेल. लाइट लावा, दोन हात लांब राहून नावानं हाक मारा, आणि साधं-साधं सांगा: "तू घरी आहेस. सक्करदऱ्याचं घर आहे. आज मंगळवार आहे. मी आहे इथे." पाय जमिनीला टेकवायला लावा, फरशीचा थंडपणा जाणवू द्या, गार पाण्यानं तोंड धुवायला सांगा.

दिवसा फ्लॅशबॅकसारखं, म्हणजे आपण परत त्या घटनेतच आहोत असं, झालं तर स्वतःचं स्वतः करायची एक युक्ती आहे: दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची, मग हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. पोरकट वाटते, पण डोकं त्या रस्त्यावरून या खोलीत आणायला कामी येते. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावायचा, एवढंच लक्षात ठेवा, मोजणं-बिजणं जमलं नाही तरी चालते. मात्र हे सगळं त्या वेळेपुरतं आहे, यानं आजार जात नाही, आणि काही लोकं तर रोज ध्यान-प्राणायाम करून डॉक्टरला टाळतात, ते पण टाळणंच झालं.

झोपेसाठी दारू हा आपल्याकडचा सगळ्यात कॉमन इलाज. एक-दोन पेगनं डोळा लागतो खरा, पण अर्ध्या रात्री झोप तुटते, आणि माप वाढत जातं. तसंच मेडिकल स्टोरमधून ओळखीवर आणलेली झोपेची गोळी, अल्प्राझोलॅम वगैरे. या गटातल्या गोळ्या पीटीएसडीसाठी द्यायची शिफारस नाही, सवय लागते आणि मूळ आजार तसाच राहतो. आधीच रोज घेत असेल तर एकदम बंद पण करू नका, डॉक्टरच्या सांगण्यानं हळूहळू कमी करायची असते.

कुठे दाखवायचं

नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे, मिहानच्या एम्समध्ये आहे, आणि प्रादेशिक मनोरुग्णालयात पण ओपीडी चालते. शेवटच्या नावानं घरात गोंधळ होतो हे माहीत आहे, "आम्ही का पागल आहो का" इथून सुरुवात होते. त्यावर भांडत बसू नका, मेडिकलला न्या, तिथे कोणत्या लाइनीत उभे आहात ते कोणी पाहत नाही. प्रायव्हेट मनोविकारतज्ज्ञ धंतोली, रामदासपेठेत भरपूर आहेत. आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं आणि घरच्यांनी केला तरी चालतो.

ताजबागला जायचं, कोराडीच्या देवीला नवस बोलायचा, जरूर जा, बरं वाटतं आणि सोबतही मिळते. फक्त डॉक्टरची तारीख त्याच्यासाठी चुकवू नका. आणि 'बाहेरचं आहे' म्हणून धूर देणं, मारणं, उपाशी ठेवणं हे जो सांगेल त्याच्या दारात परत पाय ठेवू नका, आधीच घाबरलेल्या माणसावर तो दुसरा अत्याचार आहे.

सरकारी ओपीडीत गर्दी असते, बोलायला थोडाच वेळ मिळतो, म्हणून एका कागदावर लिहून न्या: घटना कधी आणि काय झाली, अगदी दोन ओळीत, झोप किती तास, कोणत्या जागा, कामं, माणसं सोडली, दारू-खर्रा-गोळ्या काय चालू आहे, डोक्याला मार होता का, मरण्याचे विचार येतात का. मावसभावाच्या बाबतीत गाडी खरी पुढे सरकली ती या कागदामुळे, कारण "काय होतं?" विचारल्यावर तो सवयीनं "धडधडते" एवढंच म्हणाला आणि वहिनीनं कागद पुढे सरकवला.

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतो, तो औषध लिहितो. थेरपी, म्हणजे बोलण्यातून होणारा उपचार, बहुतेक वेळा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. फोनवरच विचारा: ट्रॉमाच्या केसेस घेता का, कोणत्या पद्धतीनं, साधारण किती सेशन लागतात, घरी करायला काही देता का. या प्रश्नांना सरळ उत्तर देणारा माणूस बहुतेक कामाचा निघतो. "एका सेशनमध्ये काढून टाकतो" म्हणणाऱ्याला रामराम करा. मिरवणुकीतली काळी-पिवळी मारबत वर्षातून एकदा इडा-पिडा घेऊन जाते, थेरपिस्टला ते जमत नाही.

उपचारात नेमकं काय होतं

ज्यांचा पुरावा सगळ्यात चांगला आहे त्या थेरपी घटनेला बगल न देता तिच्याकडेच जातात. प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर ही एक, साधारण ८ ते १५ सेशनची. यात दोन कामं असतात. एक, घटना थेरपिस्टसमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आत्ता घडतेय अशी सांगायची, परत परत, आणि तिचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. ऐकूनच नको वाटेल, पण हळूहळू तेच सांगताना आवाज कमी कापतो, मधले विसरलेले तुकडे जागेवर बसतात. दुसरं, सोडलेल्या जागा परत मिळवायच्या, शिडीसारख्या, सोप्यापासून अवघडपर्यंत, प्रत्येकीला शून्य ते शंभर असा भीतीचा नंबर देऊन. मावसभावाच्या शिडीवर सगळ्यात खाली होतं सीताबर्डीहून मेट्रोत बसून खापरीपर्यंत जाणं आणि खिडकीतून खाली वर्धा रोड बघणं. मग दुपारी कोणाच्या तरी कारमध्ये बसून छत्रपती चौक, मग चिंचभवन, मग जामठा. मग स्वतः स्कूटर, आधी कॉलनीत. बुटीबोरी आणि अंधार सगळ्यात वर. नियम एकच, भीती चढली की पळायचं नाही, ती उतरायला लागेपर्यंत तिथेच थांबायचं. चिंचभवनला तो पुलाच्या बाजूला कार लावून बसला होता, पहिली वीस मिनिटं हात घामानं ओले, शर्टाच्या बाहीला पुसून राहिला, मग म्हणे, "ट्रक मोजून राहिलो होतो, कितवा होता ते विसरलो."

दुसरी पद्धत कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, बहुतेक १२ सेशन. तिथे भर असतो तो मनात अडकून बसलेल्या वाक्यावर. "मीच म्हटलं होतं त्याला, चल सोडून देतो" हे मावसभावाचं वाक्य. आपण घरचे म्हणतो, "नाही रे, तुझी काय चूक", आणि त्यानं काडीचा फरक पडत नाही. थेरपिस्ट असं समजावत नाही, विचारतो: म्हटलं तेव्हा तुला काय काय माहीत होतं? ट्रक येणार हे माहीत होतं का? दोस्ताला रात्री एकटं सोडून आला असता तर आज स्वतःला काय म्हटलं असतं? उत्तरं कागदावर लिहायची असतात. दोष आणि दुःख असं वेगवेगळं व्हायला लागतं, आणि मग खरं दुःख बाहेर येतं, तेव्हा घरच्यांना वाटतं अरे हा तर जास्तच रडून राहिला, थेरपीनं बिघडला. बिघडलेला नसतो. सुरुवातीच्या काही सेशननंतर त्रास थोडा वाढल्यासारखा वाटणं अपेक्षित असतं, तिथेच बरेच लोकं सोडून देतात, तर तेवढे आठवडे त्याला सोबत करा.

तिसरी ईएमडीआर, यात घटना मनात धरून थेरपिस्टच्या हलणाऱ्या बोटामागे डोळे फिरवायचे असतात. बघायला जादूटोण्यासारखं वाटतं, पण हिचाही पुरावा चांगला आहे, आणि घटना तपशिलात बोलून दाखवायची नको वाटते त्यांना ही सोयीची पडते. नागपुरात ज्या पद्धतीचा नीट शिकलेला माणूस मिळेल ती घ्या, या तिघींत कोणती भारी यावर डोकं लावू नका.

औषधांत सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही नेहमीची नावं. असर दिसायला चार-सहा आठवडे लागतात, पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, थोडी बेचैनी होऊ शकते, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोकं "गरम पडली" म्हणून बंद करतात. बंद करायची तर डॉक्टरला विचारून, हळूहळू, बरं वाटायला लागलं म्हणून तर नाहीच नाही.

घरच्यांसाठी अजून थोडं

त्याला टाळायला मदत करणं कमी करा, पण सांगून. "उद्यापासून बाजार तूच आण" असं एकदम नाही, थेरपिस्टसोबत ठरवून, आज तुझ्यासोबत येतो, पुढच्या वेळी कोपऱ्यावर थांबतो. दिवाळीचे फटाके, मारबतीची गर्दी, लग्नातला डीजे हे आधीपासून माहीत असलेले दिवस आहेत, अचानक अंगावर येऊ देऊ नका, कुठे बसायचं, किती वेळ थांबायचं, निघायची खूण काय हे घरूनच ठरवून निघा. घटनेची तारीख जवळ आली की त्रास वाढतो, तसाच अपघात क्लेमच्या केसमध्ये साक्षीची तारीख आली की वाढतो, कारण तिथे वकील सगळं परत विचारणार असतो. त्या आठवड्यात थेरपीची वेळ घेऊन ठेवा.

लैंगिक अत्याचार असेल तर दवाखान्यानं, सरकारी असो की प्रायव्हेट, ताबडतोब फुकट उपचार देणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि त्यासाठी आधी एफआयआर आणा म्हणून अडवता येत नाही. बायांसाठी १८१ हेल्पलाइन आहे. आणि तिला "तू तिथे गेलीच काहून" हा प्रश्न घरातल्या कोणीही, सासूनं नाही, आईनं नाही, विचारायचा नाही.

मरण्याबद्दल बोलला तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला जागा होते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध, गोळ्यांचा साठा कुलपात टाका किंवा घराबाहेर काढा, १४४१६ लावा, आणि घाई असेल तर ११२ किंवा सरळ मेडिकलची कॅज्युअल्टी. पोलिस केस होईल म्हणून लोकं लपवतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं आहे, त्याला शिक्षा नाही, मदत द्यायची आहे. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजारासारखंच मानसिक आजाराला पण कव्हर द्यायला सांगितलं आहे, तर पॉलिसी काढून बघा, अॅडमिट व्हायची वेळ आली तर कामी येईल.

थेरपी संपल्यावर मधेच कधी, पहिल्या पावसाला, एखाद्या ब्रेकच्या आवाजानं, दोन-तीन रात्री परत खराब जाऊ शकतात. तेवढ्यावरून सगळं वाया गेलं असं धरू नका आणि लगेच जुन्या गोळ्या शोधून खाऊ नका. शिडीचा कागद काढा, जी पायरी परत अवघड वाटते ती पुन्हा करा, आणि दोन आठवड्यांत उतरलं नाही तर त्याच थेरपिस्टला फोन करून एक-दोन सेशन घ्या. म्हणून तो कागद आणि थेरपिस्टचा नंबर घरात दोघांजवळ तरी असू द्या.